उतारा लहान झाला, पण वाचता येतो का?

संगणक आपल्या दारी



दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यावस्त्यांतून एकच धावपळ सुरू होते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रक, बँकेचे पासबुक. पूर्वी ह्या कागदांच्या झेरॉक्स काढायच्या, त्यावर सही-शिक्का घ्यायचा आणि अर्जाला टाचायच्या, की काम भागत असे. आता शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीच्या पोर्टलवर भरावा लागतो. तिथे प्रत्येक कागदाची फाईल अमुक इतक्या केबीच्या आत बसली पाहिजे, अशी अट असते. मोबाईलवर काढलेला फोटो असतो तीन-चार एमबीचा. मग मुले कुठलेसे अ‍ॅप उघडतात, फाईल दाबून दाबून लहान करतात आणि चढवतात. काही दिवसांनी अर्ज परत येतो. कारण काय, तर कागदपत्र अस्पष्ट आहे.

कागद खरा असतो, शिक्का खरा असतो, सहीही खरी असते. तरी पोराचे किंवा पोरीचे वर्ष टांगणीला लागते. शिरोलीच्या एमआयडीसीत पाळी करणाऱ्या किंवा इचलकरंजीत मागावर उभ्या राहणाऱ्या बापाला त्यासाठी पुन्हा एका दिवसाची रजा टाकावी लागते. आईला पुन्हा सेतू केंद्राच्या रांगेत उभे राहावे लागते. म्हणून ह्या अंकात आपण हाच विषय घेऊ. फाईल लहान होते म्हणजे नेमके काय होते? ती किती लहान झाली हे कसे मोजायचे? आणि लहान करताना तिच्यातले काय गेले, हे कसे ओळखायचे?

केबीचे माप

संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला फक्त शून्य आणि एक कळते. अशा एका खुणेला बिट म्हणतात. आठ बिटांचा एक बाइट. हजार बाइट म्हणजे एक केबी आणि हजार केबी म्हणजे एक एमबी. काही ठिकाणी हजाराऐवजी १०२४ धरतात. म्हणून एकच फाईल एका यंत्रावर २५० केबी दिसते, तर दुसऱ्यावर २४४. मर्यादेच्या अगदी काठावर फाईल ठेवू नये, त्याचे एक कारण हे आहे.

आता आपलेच उदाहरण घेऊ. इंग्रजी लिपीत 'जय भीम' लिहिले तर मधली मोकळी जागा धरून आठ खुणा होतात आणि त्यांना आठ बाइट लागतात. देवनागरीत तेच लिहिले तर ज, य, भ, दीर्घ वेलांटी आणि म अशा पाच खुणा होतात. पण आज सर्वत्र चालणाऱ्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. पाच त्रिक पंधरा, आणि मोकळ्या जागेचा एक, असे सोळा बाइट झाले. शब्द तेच, उच्चार तोच, पण जागा दुप्पट.

मोबाईलच्या साध्या एसएमएसमध्येही हे दिसते. एका संदेशात १४० बाइटची जागा असते. इंग्रजी अक्षर सात बिटांत बसते, म्हणून १६० अक्षरे मावतात. मराठीत लिहिले की प्रत्येक खुणेला दोन बाइट, म्हणून फक्त ७० मावतात. मराठी संदेश लवकर तुटतो आणि दोन संदेशांचे पैसे पडतात, तो ह्याच हिशेबामुळे. हा मराठीचा दोष नाही. संगणकाच्या मापांची सुरुवात इंग्रजी लिपी धरून झाली, आपली लिपी मागाहून आली, म्हणून तिच्या वाट्याला लांबलचक खुणा आल्या.

त्रिशरणाचा हिशेब

फाईल लहान करण्याला कॉम्प्रेशन म्हणतात. ह्याचे मूळ तत्त्व विहारात येणाऱ्या लहान मुलालाही कळेल असे आहे: जे पुन्हा पुन्हा येते, ते पुन्हा पुन्हा लिहू नका.

आपले त्रिशरण आठवा. तीन ओळी आहेत. मग 'दुतियम्पि' लावून त्याच तीन ओळी, आणि 'ततियम्पि' लावून पुन्हा त्याच तीन. पहिल्या तीन ओळींत प्रत्येकी तीन शब्द, म्हणजे नऊ. पुढच्या सहा ओळींत प्रत्येकी चार शब्द, म्हणजे चोवीस. एकूण तेहतीस शब्द झाले. आता वहीत असे लिहा: पहिल्या तीन ओळी पूर्ण, त्याखाली 'दुतियम्पि, वरीलप्रमाणे', त्याखाली 'ततियम्पि, वरीलप्रमाणे'. नऊ अधिक दोन अधिक दोन, म्हणजे तेरा शब्दांत काम झाले. आणि ज्याला वाचायची रीत ठाऊक आहे, तो ह्या तेरा शब्दांवरून तेहतीसच्या तेहतीस शब्द जसेच्या तसे म्हणेल. एकही शब्द हरवणार नाही.

ही युक्ती आपल्या परंपरेला नवी नाही. पाली त्रिपिटकात एकच वाक्यसमूह अनेकदा येतो. लिहून घेणाऱ्यांनी तो प्रत्येक वेळी पूर्ण न लिहिता मध्ये 'पे' एवढेच अक्षर घातले. 'पेय्याल' ह्या शब्दाचे ते लघुरूप. वाचणाऱ्याने समजायचे की इथे मागचा मजकूर पुन्हा घ्यायचा आहे. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने देवनागरीत छापलेले त्रिपिटक उघडले तर पानोपानी ही 'पे'ची खूण दिसते. आपल्या पत्रलेखनातही जुने लोक 'सा. न. वि. वि.' एवढेच लिहीत आणि वाचणारा 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' असे पूर्ण वाची.

संगणकातली 'वरीलप्रमाणे' ही रीत इस्रायलच्या अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव ह्या दोन शास्त्रज्ञांनी १९७७ आणि १९७८ साली मांडली. एखादा तुकडा पूर्वी येऊन गेला असेल, तर तो पुन्हा न लिहिता 'इतके मागे जा आणि इतकी अक्षरे उचल' एवढेच लिहायचे. आज आपण जी झिप फाईल पाठवतो, तिच्या पोटात हीच कल्पना आहे.

तिला दुसऱ्या एका कल्पनेची जोड असते. जे वारंवार येते त्याला छोटी खूण द्यायची आणि जे क्वचित येते त्याला लांब. तारेच्या मोर्स लिपीत इंग्रजीतल्या सर्वांत जास्त येणाऱ्या अक्षराला एकच टिंब दिले होते, ते ह्याच विचाराने. ह्याची अचूक रीत सापडली ती अमेरिकेतल्या एमआयटी ह्या संस्थेत शिकणाऱ्या डेव्हिड हफमन नावाच्या विद्यार्थ्याला. प्राध्यापक रॉबर्ट फॅनो ह्यांनी मुलांना सांगितले होते, की लेखी परीक्षा द्या किंवा हा प्रश्न सोडवून निबंध लिहा. हफमनने प्रश्न घेतला आणि खुद्द प्राध्यापकांना पूर्ण न सुटलेला प्रश्न सोडवला. त्याचा निबंध १९५२ साली छापून आला. आपल्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे. जो प्रश्न मोठमोठ्यांना अडला, तो विद्यार्थ्यालाही सुटू शकतो.

ही रीत त्रिशरणावरच लावून पाहू. तेहतीस शब्दांत वेगवेगळे शब्द फक्त सात. सातांना सरसकट सारख्या लांबीची खूण दिली तर प्रत्येकाला तीन बिट लागतात. तेहतीस त्रिक नव्व्याण्णव बिट. पण सातांपैकी दोन शब्द नऊ-नऊ वेळा येतात आणि बाकीचे पाच तीन-तीन वेळा. त्या दोघांना दोन-दोन बिटांची खूण द्या, पाचांपैकी तिघांना तीन-तीन बिटांची आणि उरलेल्या दोघांना चार-चार बिटांची. बेरीज करा: ३६ अधिक २७ अधिक २४, म्हणजे ८७. नव्व्याण्णवाचे सत्त्याऐंशी झाले आणि एक शब्दही गेला नाही. दहावीतल्या मुलामुलींनी हा हिशेब कागदावर करून पाहावा.

मोजायचे कसे?

आता मुख्य मुद्दा. 'आमचे अ‍ॅप फाईल इतकी लहान करते' असे जो तो सांगतो. ते मोजायच्या दोन रीती आहेत.

पहिली म्हणजे प्रमाण. मूळ आकाराला नव्या आकाराने भागायचे. हजार केबीची फाईल अडीचशे केबी झाली तर प्रमाण चारास एक. दुसरी म्हणजे बचतीची टक्केवारी. हजारातले साडेसातशे वाचले, म्हणजे बचत ७५ टक्के. दोन्ही एकच गोष्ट सांगतात, पण कानाला वेगवेगळ्या लागतात. दोनास एक म्हणजे ५० टक्के बचत. चारास एक म्हणजे ७५. दहास एक म्हणजे ९०. वीसास एक म्हणजे ९५. कोणी म्हणाला, 'पूर्वी दहास एक होते, आता वीसास एक झाले,' तर वाटते की काम दुप्पट चांगले झाले. मूळ फाईलच्या हिशेबात मात्र जादा बचत फक्त पाच टक्क्यांची असते. म्हणून आकडा ऐकला की आधी विचारावे, हे प्रमाण आहे की बचत?

कोल्हापूर भागातल्या माणसाला 'उतारा' ही कल्पना शिकवायला नको. शंभर किलो ऊस गाळून बारा किलो साखर पडली, तर उतारा बारा टक्के. शेतकऱ्याला मिळणारा दर त्यावर ठरतो, म्हणून उतारा कोणी मोजला, कसा मोजला, ह्यावर गावोगाव चर्चा होते. फाईलच्या बाबतीतही तेवढीच चौकसपणाची नजर हवी. फरक इतकाच, की तिथे उतारा जितका जास्त तितका चांगला आणि इथे मागे उरलेला भाग जितका कमी तितका चांगला.

मोजमापात चार ठिकाणी फसगत होते.

पहिली फसगत सरासरीची. समजा दोन फायली आहेत. एक १०० केबीची, ती १० केबी झाली. बचत ९० टक्के. दुसरी ९०० केबीची, ती ८१० झाली. बचत १० टक्के. दोन टक्केवाऱ्यांची सरासरी ५० येते. पण बेरीज करा. एकूण १००० केबी होते, ८२० उरले. खरी बचत फक्त १८ टक्के. सरासरीच्या पन्नासावर भरवसा ठेवून ज्याने पेन ड्राइव्हमध्ये जागा धरली, तो अडकणार. सरासरीने लहानाचे भले दाखवून मोठ्याचे दुखणे झाकता येते. अर्थशास्त्राची मोठी परंपरा परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला दिली आहे. आकडे मागावेत, पण ते कशाचे आहेत हेही विचारावे, हे त्या परंपरेतले पहिले पाऊल.

दुसरी फसगत मूळ आकाराची. महाद्वार रोडवर एखाद्या दुकानदाराने आधी किंमत वाढवून मग 'निम्म्या किमतीत' अशी पाटी लावली, तर आपण हसतो. फाईलचेही तसेच होते. वर सांगितले, की देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. त्यातला पहिला बाइट प्रत्येक खुणेत एकच असतो आणि दुसरा दोनच प्रकारचा असतो. म्हणजे मूळ फाईलच फुगलेली. ती झिप केली की पुनरुक्ती भराभर निघून जाते आणि प्रमाण इंग्रजीपेक्षा चांगले दिसते. पण त्याचा अर्थ मराठी मजकूर शेवटी इंग्रजीपेक्षा कमी जागेत बसला असा होत नाही. नुसते प्रमाण बघू नये, शेवटी किती केबी उरले तेही बघावे.

तिसरी फसगत नमुन्याची. कोणते कॉम्प्रेशन सरस हे ठरवायला सगळ्यांनी एकाच नमुन्यावर मोजले पाहिजे. म्हणून कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात १९८७ च्या सुमारास फायलींचा एक ठरावीक संच तयार झाला. १९९७ साली न्यूझीलंडच्या कॅंटरबरी विद्यापीठातून दुसरा संच आला. २००६ साली मार्कस हटर ह्यांनी इंग्रजी विकिपीडियातला १०० एमबी मजकूर सर्वांत लहान करणाऱ्यासाठी बक्षीस ठेवले, आणि २०२० साली तो मजकूर एक हजार एमबी केला. ह्या स्पर्धेतला एक नियम फार चांगला आहे. फाईल उलगडणाऱ्या प्रोग्रॅमचा आकारही हिशेबात धरतात. नाहीतर सगळा मजकूर प्रोग्रॅममध्येच लपवून 'माझी फाईल शून्य झाली' असे कोणीही म्हणेल. मात्र ह्या संचांतला मजकूर मुख्यत्वे इंग्रजी आहे. जो इंग्रजीवर पहिला आला, तो मराठीवर पहिला येईलच असे नाही. आपल्या भाषेतल्या कागदांसाठी काय चांगले, हे आपल्या भाषेतल्या कागदांवरच मोजावे लागेल. मोजणीत ज्याचे नाव नसते, त्याची सोय कोणी पाहत नाही, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

चौथी फसगत सर्वांत धोक्याची आहे. तिच्यासाठी वेगळे प्रकरण हवे.

काय गेले, ते आकड्यात दिसत नाही

कॉम्प्रेशनच्या दोन जाती आहेत. एका जातीत काहीच हरवत नाही. वाकळ घडी घालून दाबून ट्रंकेत ठेवली आणि हिवाळ्यात काढली तर तीच वाकळ, तेच ठिगळ, तेच टाके. झिप ही ह्या जातीची. दुसऱ्या जातीत काही भाग कायमचा टाकून देतात. उसाची साखर केली, पण साखरेपासून पुन्हा ऊस होत नाही. फोटोची जेपीईजी फाईल आणि गाण्याची एमपी-३ ही ह्या जातीची.

ही दुसरी जात वाईट आहे असे नाही. सीडीवरचे पाच मिनिटांचे गाणे सुमारे ५३ एमबीचे असते. १२८ केबीपीएसच्या एमपी-३ मध्ये तेच ४.८ एमबीत बसते, म्हणजे अकरास एक. कानाला जे फारसे कळत नाही, तेवढे गाळले जाते. त्यामुळेच जुनी भीमगीते आज साध्या मोबाईलवर घरोघरी वाजतात. पण पहिल्या जातीचा दोनास एक आणि दुसऱ्या जातीचा अकरास एक, ह्यांची शर्यत लावणे म्हणजे घडी घातलेल्या वाकळेची आणि फाडून निम्म्या केलेल्या वाकळेची तुलना. फाडलेली लहानच दिसणार!

आणि कधी कधी गेलेल्या भागाच्या जागी भलतेच येऊन बसते. २०१३ साली जर्मनीतले संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड क्रीझेल ह्यांनी झेरॉक्स कंपनीच्या यंत्रांतला एक दोष जगापुढे आणला. एका इमारतीच्या नकाशावर तीन खोल्यांची क्षेत्रफळे होती: १४.१३, २१.११ आणि १७.४२. यंत्रातून निघालेल्या प्रतीत तिन्ही खोल्यांवर १४.१३ छापून आले. कारण काय? जागा वाचवण्यासाठी ते यंत्र पानावरच्या एकसारख्या दिसणाऱ्या खुणा शोधून एकच खूण सगळीकडे वापरत होते. म्हणजे आपली 'वरीलप्रमाणे' हीच युक्ती. पण जे एकसारखे नव्हते, तेही यंत्राने एकसारखे ठरवले. सहाचे आठ झाल्याचीही उदाहरणे निघाली. अक्षर पुसट असते तर कोणाला शंका तरी आली असती. इथे आकडा चुकीचा होता आणि तो स्वच्छ, ठळक छापला होता. शेवटी कंपनीला त्या यंत्रांसाठी दुरुस्तीचे सॉफ्टवेअर द्यावे लागले.

हे आपल्या घराशी कसे जोडलेले आहे ते पाहा. अनुसूचित जातीच्या दाखल्याची पडताळणी करताना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा धरतात. तो असतो आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा, नाहीतर गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदीचा. काही नोंदी मोडीत असतात. शाई उडालेली, कागद पिवळा पडलेला. बोरूने लिहिलेले १ आणि ९, किंवा ३ आणि ६, मुळातच एकमेकांच्या जवळचे. असा उतारा मोबाईलने अंधारात टिपला, मग व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला, तिथे तो पहिल्यांदा आवळला गेला. पुढच्याने पुन्हा सेव्ह करून अ‍ॅपमध्ये दाबला, तिथे दुसऱ्यांदा. जेपीईजी फाईल बदलून पुन्हा सेव्ह केली की दर वेळी तिच्यातले थोडे थोडे जाते. शेवटी जन्मसालाचा आकडा नीट लागत नाही आणि जातीच्या रकान्यातले अक्षर ओळखू येत नाही. फाईल मर्यादेत बसली, बचतीचा आकडा ९५ टक्के आला, आणि ज्या एका ओळीसाठी तो कागद जपला होता, तीच ओळ गेली.

दाखल्याचा हिशेब

मग मर्यादेत बसवायचे तरी कसे? ह्यालाही हिशेब आहे. संगणक कागदाला बारीक ठिपक्यांत पाहतो. ए-फोर कागद दर इंचाला ३०० ठिपक्यांनी रंगीत स्कॅन केला तर आडवे २४८० आणि उभे ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके. रंगीत ठिपक्याला तीन बाइट. एकूण २६ एमबी. ते २५० केबीत कोंबायचे तर प्रमाण सुमारे १०४ स एक हवे. इतके दाबल्यावर बारीक अक्षर टिकणे कठीण.

आता तोच कागद दर इंचाला १५० ठिपक्यांनी, काळ्या-करड्या छटांत स्कॅन करा. १२४० गुणिले १७५४, म्हणजे सुमारे २२ लाख ठिपके, प्रत्येकाला एक बाइट. एकूण सुमारे २.२ एमबी. ते २५० केबीत आणायला नऊस एक एवढे प्रमाण पुरते, आणि छापील अक्षर सहसा स्पष्ट राहते. आकार दोन्हीकडे २५० केबीच. पण एकात कॉम्प्रेशनचा घाव खोल आहे, दुसऱ्यात वरवरचा. म्हणून आधी रंग आणि ठिपके कमी करावेत आणि मग दाबावे. सेतू केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात 'एकशे पन्नास डीपीआय, ग्रे' एवढे दोन शब्द सांगितले तरी काम होते. बारीक हस्ताक्षराचा जुना उतारा असेल तर २०० सांगावे. रंगीत शिक्का रंगीतच दिसावा अशी अट असेल, तिथे मात्र रंग ठेवावा लागेल.

आणि एक लक्षात ठेवा. मोबाईलच्या फोटोला झिप करून फार काही हाती लागत नाही. बारा मेगापिक्सेलचा फोटो मुळात ३६ एमबीचा असतो. मोबाईल तो स्वतःच तीन-चार एमबीत आवळून ठेवतो. पिळलेल्या उसाच्या चिपाडातून आणखी रस कुठून निघणार?

एहिपस्सिको

'कोणतीही फाईल हमखास लहान करू' अशी जाहिरात दिसली तर तथागतांनी कालामांना दिलेला उपदेश आठवावा. कोणी सांगितले म्हणून मानू नये, स्वतः तपासून पाहावे. तपासणी सोपी आहे. तीन बिटांचे वेगवेगळे संदेश आठ होतात. त्याहून लहान संदेश किती? एका बिटाचे दोन, दोन बिटांचे चार, आणि काहीच न लिहिलेला कोरा एक धरला तरी सात. आठ माणसांना सात खुर्च्यांवर एकेकटे बसवता येत नाही. म्हणजे काहीही न हरवता सगळ्याच फायली लहान करणे कोणालाच शक्य नाही. हे गणित आहे, त्यात मंत्र-तंत्र नाही. ज्या फाईलमध्ये पुनरुक्ती आहे तीच आवळते. किती आवळता येईल ह्याचीही सीमा असते, आणि ती मोजण्याचे शास्त्र क्लॉड शॅनन ह्यांनी १९४८ साली घालून दिले.

आपण काय करावे?

ज्या घरात जुने उतारे, सनदा, छायाचित्रे आहेत, त्यांनी ती उजेडात, कागद सपाट ठेवून, एकदा चांगल्या दर्जाने स्कॅन करून घ्यावीत. ती मूळ फाईल कधीही दाबू नये. दोन ठिकाणी ठेवावी, एक घरी आणि एक नात्यातल्या विश्वासू माणसाकडे. अर्जासाठी लागेल तेव्हा मूळ फाईलची नक्कल काढून तेवढीच लहान करावी. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे, म्हणजे फाईल जशीच्या तशी जाते.

फाईल चढवण्यापूर्वी ती उघडून मोठी करून पाहावी. नाव, जात, जन्मतारीख, दाखल्याचा क्रमांक, शिक्का आणि सही ह्या सहा गोष्टी मूळ कागदाशी ताडून घ्याव्यात. शक्य तर ज्याने तो कागद आधी पाहिलेला नाही, अशा घरातल्या माणसाला मोठ्याने वाचायला सांगावे. तो अडखळला, तर तपासणारा अधिकारीही अडखळणार. मर्यादा २५० असेल तर फाईल २०० ते २४० च्या दरम्यान ठेवावी. उगाच ४० केबीपर्यंत दाबण्यात काही शहाणपण नाही. मिळालेली जागा वापरावी.

आणि हे काम एकेका घरावर सोडू नये. १९२० सालच्या मार्चच्या २१ आणि २२ तारखांना माणगावला परिषद भरली, तेव्हा त्या पिढीने एकत्र येऊन आपले म्हणणे जगापुढे मांडले. त्या काळातली पत्रे, पावत्या, फोटो आज आपल्यापैकी कोणाच्या तरी ट्रंकेत वाळवीच्या वाटेवर असतील. विहारात रविवारी वंदना झाल्यावर एक तास ठेवावा. एक लॅपटॉप, एक स्कॅनर, कॉलेजात शिकणारी दोन मुले-मुली. शेजारच्या घराचे अर्ज तपासावेत, जुने कागद स्कॅन करावेत, प्रत्येक फाईलला नाव-गाव-साल द्यावे. एका वहीत चार रकाने आखावेत: कागदाचे नाव, मूळ आकार, लहान केलेला आकार आणि 'वाचता येतो का'. पहिले तीन रकाने यंत्र भरून देईल. चौथा आपल्याला आपल्या डोळ्यांनी भरायचा आहे, आणि शिष्यवृत्ती त्याच रकान्यावर अवलंबून आहे.

पुढच्या अंकात पाहू, मोबाईलमधला पासवर्ड कसा असावा आणि तो घरात कोणाकोणाला माहीत असावा.

सर्वांना जयभीम!